टॉर्किल मास्तरांचा जास्तीचा रविवार

टॉर्किल मास्तरांइतक्या देखण्या माश्या आमच्या लुईस बेटावर दुसरं कुणी बांधत नसे. कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाच्या कानाची लव आणि रेशमाचा दोरा एवढ्या भांडवलावर ते मासे फसवायला गळाच्या आकड्यावर अशी माशी उभी करत, की घरचं मांजर तिच्यावर झडप घाली. मांजर दोनदा फसलं. ट्राउट मासा एकदाही फसला नाही. म्हणजे सांगण्याजोगा नाही. बोटाएवढी पिल्लं लागत, ती मास्तर परत पाण्यात सोडत आणि घरी येऊन 'आज वारा नव्हता' म्हणत. वारा असला की 'आज वारा फार होता' म्हणत.

आमच्याकडे निम्म्या लोकांची नावं-आडनावं सारखीच, त्यामुळे माणूस ओळखायला टोपणनाव लागतंच. शेजारच्या वखारवाल्याला सगळे 'नॉर्मन कोळसा' म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. मास्तरांना मात्र 'माशी मास्तर' म्हणत, तेही पाठीमागे, आणि मास्तरांना त्याचं फार वाटे. जन्मभर स्टॉर्नोवेच्या शाळेत भूगोल शिकवला, अक्षांश-रेखांश पोरांच्या डोक्यात घातले, पृथ्वीवर वार कुठे बदलतो ती रेघ फळ्यावर काढून दाखवली, आणि मागे उरलं काय, तर माशी.

निवृत्त झाल्यावर चर्चने त्यांचं नाव 'वडील' म्हणून सुचवलं. वडील म्हणजे चर्चचे पंच. मास्तरांचे वडील असे वडील होते, आजोबा होते, आणि मास्तर आपले अजून मागच्या बाकावर. हा मान मिळाला की माशी आपोआप उडून जाईल हा त्यांचा हिशेब होता. निवड जूनच्या अखेरीला होती. तोवर माणसाने फक्त नीट वागायचं होतं, आणि मास्तरांना त्याखेरीज दुसरं काही येतच नव्हतं.

"वडील झालास की आजाऱ्यांकडे जा, भांडणं मिटव, हेच," त्यांची बायको डोलीना म्हणाली. "मग कसली मासेमारी? जायचं तर आत्ता जाऊन ये एकदाचा. आणि आणशील तर मोठा आण, नाहीतर पुन्हा घरात ट्राउटचा विषय नको."

डोलीनाचं माहेर आर्डव्हिक गावचं. तिची चुलतबहीण मॉराग तिथे राहायची, आणि गावामागच्या डोंगरात, लॉख डू नावाच्या काळ्या तळ्याकाठी, मॉरागची जुनी दगडी झोपडी होती. पूर्वी उन्हाळ्यात गुरं घेऊन बाया तिथे राहत. आता कुणी फिरकत नसे. तळ्यात रानटी ट्राउट होते. कुणी सोडलेले नव्हे, तर हिमयुगातला बर्फ वितळल्यापासून पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलेले, माणसाचं तोंड न पाहिलेले. मास्तरांना हे फार आशादायक वाटलं, कारण माणसाचं तोंड पाहिलेल्या ट्राउटांशी त्यांचं जमलं नव्हतं.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या बेटावर सल्ल्याला कधी तुटवडा पडत नाही. डोंगरातल्या चिलटांवर उपाय म्हणून एकीने तोंडाला लोणी फासायला सांगितलं, दुसरीने रॉकेल, आणि औषधाच्या दुकानदाराने एक हिरवी बाटली दिली, जी पुढे चिलटांना मनापासून आवडली. नॉर्मन कोळशाने कुंपणावरून मान काढून विचारलं, की पिसं-बिसं सोडून सरळ गांडूळ का लावत नाही. पंगतीत पानावर कुणी उष्टं वाढावं तसं मास्तरांना झालं. ते घरात गेले आणि रागाच्या भरात आणखी चार माश्या बांधल्या.

मग परवानगी. तळ्याचं पाणी जमीनदाराच्या मालकीचं, काठ गावच्या चराई समितीचा, आणि वाट दोघांपैकी कुणीच आपली म्हणेना, कारण म्हटली तर दुरुस्त करावी लागली असती. जमीनदाराच्या कचेरीतल्या कारकुनाने चष्मा लावून अटी मोठ्याने वाचल्या. हरणांना त्रास द्यायचा नाही. शेकोटी पेटती सोडायची नाही. मासेमारी सोमवार ते शनिवार.

"रविवारी नाही," तो म्हणाला.

"हे तुम्ही मला सांगता?" मास्तर दुखावले.

"सगळ्यांना सांगावं लागतं. गेल्या साली एक इंग्रज आला होता..." कारकून पुढे बोलला नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. दोघं क्षणभर मान खाली घालून उभे राहिले.

कारण आमच्याकडे रविवार म्हणजे रविवार. त्या दिवशी बटाटा सोलायचा नाही, तो शनिवारी सोलून ठेवायचा. विहिरीचं पाणी शनिवारी भरायचं. दोरीवर कपडा दिसता कामा नये. शीळ वाजवायची नाही. चर्चला जायचं, थंड मांस खायचं, पुन्हा चर्चला जायचं. ऐहिक गोष्ट बोलायचीसुद्धा नाही. हवेबद्दल बोललं तर चालतं, पण तेही कौतुकाने नाही. वडील व्हायला निघालेला माणूस रविवारी गळ टाकताना दिसला, तर त्याने त्याच गळाने आपलं नाव तळ्यात बुडवलं असं समजावं.

सोमवारी मास्तर निघाले. पुढच्या बुधवारच्या बसने परत यायचं ठरलं. डोलीना बांधाबांध करताना बरंच काही बोलत होती. त्यात एक वाक्य होतं: "या आठवड्यात आर्डव्हिकला प्रभुभोजन आहे, गुरुवारपासून. मीही शनिवारी मॉरागकडे येणार आहे." मास्तर तेव्हा माश्या रंगाप्रमाणे लावत होते. ते "हं" म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याचं 'हं' काय किमतीचं असतं हे खरं तर डोलीनाला ठाऊक असायला हवं होतं.

झोपडीपर्यंतची वाट दलदलीतून होती. मास्तर एकदा गुडघ्यापर्यंत रुतले, एकदा कमरेपर्यंत, आणि दुसऱ्या खेपेला पडसं घेऊन बाहेर आले. मंगळवारी धुकं उतरलं. आमचं धुकं बसलं की पाहुण्यासारखं बसतं, उठायचं नाव काढत नाही. हातातल्या काठीचं टोक दिसेना. मास्तर अंगात कणकण घेऊन घोंगडीत पडून राहिले. झोप लागे, जाग येई, घड्याळात सात वाजलेले असत. सकाळचे की संध्याकाळचे? जूनमध्ये आमच्याकडे रात्र अशी होतच नाही. दोन्ही सातांना तोच करडा उजेड. प्रत्येक वेळी जाग आली की नाश्त्याची वेळ समजून मास्तर ओटच्या भाकऱ्या खात आणि पुन्हा आडवे होत.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. एकदा डोळे उघडले तर ताप उतरला होता, धुकं गेलं होतं आणि लख्ख ऊन पडलं होतं. मास्तरांनी भाकऱ्यांचा डबा पाहिला. जवळजवळ रिकामा. म्हणजे बरेच दिवस गेले. वार कोणता ते पाहायला ते टेकाडावर चढले. खाली आर्डव्हिक दिसत होतं. एका दोरीवर कपडा नव्हता. शेतात माणूस नव्हता. होड्या काठावर उलथ्या. आणि रस्त्याने काळ्या कपड्यांतली, काळ्या टोप्यांतली माणसं हळूहळू चर्चकडे चालली होती.

"अरे देवा," मास्तर म्हणाले, "रविवार."

तो गुरुवार होता. प्रभुभोजन म्हणजे चर्चचा गुरुवार ते सोमवार चालणारा सण, त्यातला गुरुवार आमच्याकडे उपासाचा असतो आणि गाव तो रविवारासारखाच पाळतं. हे मास्तरांना पाळण्यापासून माहीत. पण प्रत्येक गावचा आठवडा वेगळा, स्टॉर्नोवेचा अजून लांब होता, आणि आर्डव्हिकचा त्या 'हं'मध्ये गेला होता. भूगोलाच्या मास्तरांनी भाकऱ्या, दोऱ्या आणि टोप्या अशा तीन पुराव्यांवरून वार सिद्ध केला आणि टोपी काढून खाली आले.

मग त्यांनी तो रविवार पाळला. असा पाळला की काय सांगू. गळाची काठी कोपऱ्यात उभी करून तिच्यावर कोट घातला, नजरेला पडायला नको म्हणून. चूल पेटवली नाही. पाणी शनिवारी भरून ठेवलेलं नव्हतं आणि आज भरणं शक्य नव्हतं. बऱ्याच विचाराने त्यांनी ठरवलं, की तळ्याकाठी पालथं पडून तोंडाने प्यायलं तर ते पाणी भरणं होत नाही. ते पालथे पडले. आणि नाकापुढे हातभर अंतरावर तो उडाला.

पाठ काळसर सोनेरी, अंगावर तांबडे ठिपके, लांबी बघून मास्तरांच्या घशात पाणी अडकलं. तो उलटा होऊन सपकन पाण्यात पडला, आणि काठापर्यंत लाटा आल्या. मास्तर उठले, झोपडीच्या दारात गेले आणि तळ्याकडे पाठ करून दगडावर बसले. दिवसभर बसले. स्तोत्रं म्हटली. चिलटं वार पाळत नाहीत. ती मानेवर बसत, आणि त्यांना मारणं हे काम की गरज याचा निर्णय न झाल्यामुळे मास्तर त्यांना नुसतं हाताने बाजूला करत. मागे तो पुन्हा पुन्हा उडत राहिला. हळव्या अंतःकरणाच्या माणसाला एवढा छळ पुरे. पण संध्याकाळी मास्तरांना फार बरं वाटलं. बघायला कुणी नसताना आपण नीट वागलो याचा आनंद वेगळाच असतो, आणि तो त्यांनी थोडा जास्तच उपभोगला.

पुढचे दोन दिवस त्यांनी तळं झोडपलं. मास्तरांच्या लेखी सोमवार आणि मंगळवार. दोरी झुडपात अडकली, स्वतःच्या टोपीत अडकली, एकदा कानात. शेवटच्या दिवशी सकाळी, बस पकडायची म्हणून सामान बांधून झाल्यावर, त्यांनी नॉर्मनवरच्या रागाने बांधलेली एक काळी, केसाळ, मुळीच देखणी नसलेली माशी लावली. पाण्यावर बारीक सुरकुती होती. दोरी पहिल्यांदाच मनासारखी सुटली. माशी उतरली, आणि तिच्याखालचं पाणी फुगलं.

त्यानंतर काय झालं ते मास्तरांना नीट सांगता येत नसे. रीळ किंचाळत होतं, ते स्वतः कमरेपर्यंत पाण्यात होते आणि 'सावकाश, बाळा, सावकाश' असं माशाला म्हणत होते की स्वतःला ते कळत नव्हतं. शेवटी तो जाळीत आला, निम्मा बाहेर लोंबकळत. मास्तर गवतावर बसले आणि रडले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आपल्या मांडीवर पडलंय, हे खरं वाटेना. मग त्यांनी डोळे पुसले, माशाच्या कल्ल्यांतून दोरी ओवली, तो खांद्यावर टाकला आणि शीळ वाजवत डोंगर उतरायला लागले.

तो रविवार होता. नुसता रविवार नव्हे, प्रभुभोजनाचा रविवार. अख्ख्या बेटावरून माणसं आली होती.

रस्त्यावर मोटारींची रांग पाहून मास्तरांची शीळ थांबली. चर्चमधून स्तोत्राचे सूर येत होते. बुधवारी, भर दुपारी? कुणीतरी गेलं असणार. मास्तरांनी टोपी काढली, चेहरा गंभीर केला आणि बसच्या थांब्यावर, चर्चच्या अगदी समोर, उभे राहिले. मासा खांद्यावर होता. तो खाली ठेवावा असं त्यांना सुचलं नाही. उद्या कुणी गळ्यात पदक घातलं तर ते काढून ठेवावं असं सुचतं का कुणाला?

दार उघडलं. काळे कपडे बाहेर यायला लागले आणि पायऱ्यांवरच थांबत गेले. मागचे पुढच्यांवर आपटले. मग सगळे पाहू लागले. सगळ्यांत वर, दोन पाहुण्या पाद्र्यांच्या मधे, मास्तरांचे स्वतःचे पाद्री मॅकिव्हर उभे होते, जे निवडीच्या बैठकीचे अध्यक्ष होते. मास्तरांनी त्यांना अदबीने मान लववली. माशानेही लववली.

गर्दीतून डोलीना आली. हिला माहेरच्या मयताचं कळलं आणि ती धावत आली, बिचारी, असं मास्तरांच्या मनात आलं.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून कुणी नाही," डोलीना म्हणाली. "आज वार कोणता?"

"बुधवार."

"रविवार आहे, टॉर्किल."

"रविवार झाला," मास्तर समजुतीने म्हणाले. "मी पाळला तो."

डोलीनाने त्यांच्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, आणि आपला काळा कोट काढून माशावर टाकला. शेपटी तरी बाहेर राहिली. तशीच ती त्यांना दंडाला धरून मॉरागच्या घरी घेऊन गेली, आणि गर्दीने वाट दिली.

त्या दिवसाइतकी शांत शिक्षा कुणी भोगली नसेल. मॉरागच्या टेबलाभोवती दाटीवाटीने पाहुणे, त्यात पाद्री मॅकिव्हरही. मास्तर गुन्हेगारासारखे कोपऱ्यात बसले. त्यांना सगळं सांगायचं होतं: धुकं, भाकऱ्या, टोप्या. पण सांगायचं म्हणजे रविवारी मासेमारीबद्दल बोलायचं. आणि त्यांना कुणी रागावूही शकत नव्हतं, कारण रागवायचं म्हणजे तेच. मासा ओसरीवर दगडी परातीत फडक्याखाली होता, आणि त्याच्याबद्दल एक अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नाही. पाद्रीसाहेबांनी जेवणाआधीची प्रार्थना फार लांबवली. मास्तरांनी मनातल्या मनात वडीलपद नाकारण्याचं भाषण तयार केलं, आणि त्यात 'माशी' हा शब्द येणार नाही अशी काळजी घेतली.

जेवण झाल्यावर मात्र एक विचित्र गोष्ट सुरू झाली. एक म्हातारे उठले आणि हवा पाहून येतो म्हणून ओसरीवर गेले. बराच वेळ हवा पाहिली. परत आले ते गप्प, पण डोळे मोठे. मग दुसऱ्यांना छत्री आठवली. तिसरे टोपी शोधायला गेले. टोपी त्यांच्या डोक्यावर होती. संध्याकाळपर्यंत त्या घरातला प्रत्येक धर्मभीरू माणूस काही ना काही कारणाने ओसरीवर जाऊन आला. परत येऊन प्रत्येक जण मास्तरांकडे एकदा पाही आणि निःश्वास सोडी. मास्तर तो निःश्वास आपल्या आत्म्यासाठी आहे असं समजून आणखी खचत. जन्मातला सगळ्यांत मोठा ट्राउट पलीकडे पडलेला, आणि 'केवढा रे' असं विचारणारं एक माणूस नाही. त्यांना नॉर्मन कोळशाचीसुद्धा आठवण आली.

सोमवारी सकाळी पाद्री मॅकिव्हरांनी त्यांना ओसरीवर बोलावलं. दार लोटलं, आणि त्यामागे सगळं घर श्वास रोखून उभं राहिलं.

"टॉर्किल, आता बोला," पाद्रीसाहेब म्हणाले.

मास्तरांनी सगळं सांगितलं. गुरुवारपाशी आल्यावर पाद्रीसाहेबांनी हात वर केला.

"तो रविवार समजून तुम्ही काय काय केलं?"

"काहीच केलं नाही. तळ्याकडे पाठ करून बसलो."

"आणि मासे?"

"उडत होते. हाच उडत होता."

"हाच? तुमच्या पाठीमागे? दिवसभर?"

"रविवार होता ना, पाद्रीसाहेब."

पाद्रीसाहेबांनी परातीवरचं फडकं थोडं उचललं आणि पुन्हा सारखं केलं. दाराआडून मॉरागच्या पुटपुटण्याचा आवाज आला, की तिच्या घरात गुरुवारी दोघांनी दाढी केली होती आणि एकाने चक्क वर्तमानपत्र वाचलं होतं.

"कालचा दिवस चुकला, तो चुकला," शेवटी पाद्रीसाहेब म्हणाले. "पण या माशाशेजारी, कुणी बघत नसताना, काठी हाताशी असताना, पाठ करून बसणारा माणूस मला आमच्या पंचांत हवा. मी स्वतः बसलो असतो असं मी शपथेवर सांगणार नाही. शुक्रवारी बैठकीला काळा सूट घालून या."

मास्तरांच्या छातीवरचा धोंडा असा एकदम उतरला, की ते परातीशेजारच्या बाकावर मटकन बसले, आणि कालपासून पहिल्यांदाच त्यांना भूक लागली.

"आता," असं म्हणून पाद्री मॅकिव्हरांनी आपल्या लांब काळ्या कोटाच्या खिशातून पितळी तराजूकाटा काढला. "हा माझ्या खिशात केव्हापासून आहे ते विचारू नका. उचला तो मासा."

दार उघडून सगळं घर ओसरीवर लोटलं. पावणेचार पौंड. काल ओला असताना जास्त भरला असता, असं प्रत्येकाने सांगितलं, आणि मग दाबून ठेवलेले कालचे सगळे प्रश्न एकदम सुटले: कुठली माशी, वारा कुठून, किती वेळ झुंजला. मॉरागने तो ओटच्या पिठात घोळवून लोण्यात तळला. प्रत्येकाच्या वाट्याला घासभर आला, आणि गप्पा मात्र दुपारच्या आभारप्रार्थनेपर्यंत पुरल्या.

संध्याकाळच्या बसने नवरा-बायको परत निघाले. बातमी रस्त्याने पुढे गेली होतीच. ड्रायव्हरने दार उघडून हाक मारली, "या, गुरुवार मास्तर." मास्तर पायरीवर थबकले. जरा विचार केला. माशीपेक्षा बरंच होतं. ते आत जाऊन बसले.

डोंगर मागे पडला तशी डोलीना त्यांच्या खांद्याला टेकली. कालपासून धरलेलं हसू तिने आता सोडलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"खरंच एकदाही वळून पाहिलं नाहीस?" तिने विचारलं.

"एकदाही नाही. शपथ." मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पण कान कुठे फिरवणार? पडायचा तेव्हा आवाज यायचा. त्यावरून मी आपला अंदाज घेत होतो."

"किती वाटला?"

"साडेतीन. पावणेचारसुद्धा असेल, असं वाटलं होतं."

डोलीना सरळ होऊन बसली. "टॉर्किल मॅकॉले, म्हणजे तू रविवारी माशाचं वजन करत होतास?"

"छे," मास्तर म्हणाले, "तो गुरुवार होता."